नवोदयला लागलेलं मूल वर्षभरात 'मला गणित जमत नाही' का म्हणायला लागतं?

खाडीपलीकडे
मंडळी, मी देवगड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पाचवीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक, पट वीसच्या आत. पाचवीला जी दोन-चार मुलं असतील त्यांची नवोदयची तयारी मी दरवर्षी करून घेतो. निवड झाली की वाडीत आनंद होतो, ग्रामपंचायतीसमोर बॅनर लागतो, मुंबईचे चाकरमानी फोन करून बक्षीस जाहीर करतात. तो आनंद त्या मुलांनी कष्टाने मिळवलेला असतो, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझा प्रश्न त्यानंतरच्या वर्षाचा आहे.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये सुरू झाली, पहिली दोन हरियाणात झज्जरला आणि आपल्याकडे अमरावतीला. सहावीला एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं सरकारी. निवड परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यात ५० गुण बुद्धिमत्तेचे, २५ अंकगणिताचे, २५ भाषेचे. म्हणजे जो आत गेला त्याचं गणित कच्चं असण्याची शक्यता मुळातच फार कमी.

आणि तरी तीच मुलं सुट्टीला घरी आली की म्हणतात, "गुरुजी, गणित माझ्याच्याने होत नाही." एक नाही, अनेक.

गेल्या दिवाळीत असाच एक मुलगा शाळेत भेटायला आला. व्हरांड्यात तिसरीतली एक मुलगी भागाकाराला अडली होती. हा तिच्या शेजारी बसला. तिच्या पाटीवर न लिहिता, चिंचोके मांडून, बाकी का उरते ते त्याने तिला इतकं सुरेख दाखवलं की मी खडू हातात धरून नुसता बघत राहिलो. तिला समजलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण मी गणितात ढ आहे हां." घटक चाचणीत त्याला २५ पैकी १७ होते. आमच्या शाळेत त्याला २५ च्या खाली कधी मिळालेच नव्हते, आणि त्याच्या वर्गात १७ च्या पुढे निम्मा वर्ग होता.

घरच्यांनाही वाटतं की पोराचं लक्ष उडालं. माझा प्रश्न असा की हे सगळीकडे होतं का? आणि मूल जायच्या आधी मी त्याला काय सांगावं?

रापणकर
सर, माझो झिल थयच आठवीत आसा. तुमी लिवलात ता अगदी खरा. पयल्या वर्षाक फोनवर एकच, "बाबा, माका घेवन जा." आमका वाटला घरची आठवण येता. तेची आवस रडा. पण ता आठवणीचा नव्हता. हय वाडीत सगळे तेका हुशार म्हणीत, थय सगळेच हुशार. तेका कळाच नाय की आता आपण कोण.

आता बरो आसा. पण गणिताचा नाव काढल्यार अजून गप बसता.

शून्य_अंश
सर, हे सगळीकडे होतं आणि त्यावर चाळीस वर्षं संशोधन झालेलं आहे. मी शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी आहे, वाचलेलं सांगतो.

हर्बर्ट मार्श नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि पार्कर यांनी १९८४ मध्ये सिडनीतल्या सहावीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून जी गोष्ट पुढे आली तिला 'मोठा मासा, छोटं तळं' परिणाम म्हणतात. सांगणं साधं आहे. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. एक साधारण शाळेत, दुसरं निवडक हुशार मुलांच्या शाळेत. निवडक शाळेतलं मूल स्वतःला अभ्यासात कमी समजतं. कुवत तीच, गुण तेच, पण स्वतःबद्दलचा अंदाज खाली. कारण मूल स्वतःला राज्यातल्या किंवा देशातल्या मुलांशी ताडून बघत नाही. ते बघतं शेजारच्या बाकावर.

हे ऑस्ट्रेलियाचं किंवा श्रीमंत देशांचं खूळ नाही. मार्श आणि हाऊ यांनी २००३ मध्ये २६ देशांतल्या १५ वर्षांच्या लाखभर मुलांची माहिती तपासली. ती २००० सालच्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीतली होती. दिशा सगळ्या २६ देशांत एकच निघाली. नंतर ४१ देशांची माहिती तपासली, त्यात विकसनशील देशही होते आणि जिथे माणसं कुटुंब-समाजाला धरून राहतात असे देशही. तिथेही तेच.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यायला हवी. इथे घसरतो तो अभ्यासाबद्दलचा स्वतःविषयीचा समज, त्यातही विषयवार. मूल एकूणच खचलं, दुःखी झालं असा याचा अर्थ नाही. खेळात, मैत्रीत ते मजेत असू शकतं. म्हणून घरच्यांना कळत नाही. मूल हसतंय, खातंय, मित्रांची नावं सांगतंय, आणि मनात कुठेतरी गणितावर फुली मारून मोकळं झालंय.

तिसरी_घंटा
थोडं वेगळं मत मांडतो. मुलांना तुलनेपासून किती दिवस लपवणार? आज नाही तर उद्या, मुंबईत कॉलेजला गेल्यावर कळणारच आहे. मी रत्नागिरीतून बारावी करून इंजिनिअरिंगला गेलो तेव्हा पहिल्या सेमिस्टरला हेच झालं, नि त्यातूनच मी उभा राहिलो. दहाव्या वर्षी कळलं तर सवय तरी होईल. आणि वाडीत दोन मुलांत पहिलं येणं हा अंदाज तरी कुठे खरा होता? तो फुगलेला होता, तो जागेवर आला, असंही म्हणता येईल की.

खाडीपलीकडे
@तिसरी_घंटा, फुगलेला होता हे मला मान्य नाही. नवोदयचा पेपर काढणाऱ्याला आमची वाडी माहीत नव्हती. जिल्हाभरच्या मुलांत तो निवडला गेला, म्हणजे त्याच्या हुशारीची बाहेरच्या माणसांनी परीक्षा घेऊन झाली होती. अंदाज जागेवर यायचा तर 'मी जिल्ह्यातल्या चांगल्या मुलांपैकी आहे' इथे यायला हवा होता. तो 'मी ढ आहे' इथे आला. हा खोटा अंदाज आहे, पहिल्यापेक्षाही खोटा.

शून्य_अंश
सरांच्या मुद्द्याला जोडून. तिसरी_घंटा, 'सवय होईल' हे तपासून बघितलं गेलंय. जर्मनीतल्या एका अभ्यासात शाळा संपून दोन आणि चार वर्षं झाल्यावरही हा परिणाम दिसला. सवयीने तो आपोआप विरत नाही.

जर्मनीचीच आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पूर्व जर्मनीत मुलांना कुवतीप्रमाणे वेगळ्या शाळांत घालायची पद्धत नव्हती, पश्चिमेत होती. एकीकरणानंतर पूर्वेतही ती आली. त्या पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला सातवीतल्या मुलांची पाहणी झाली. पश्चिमेत हा परिणाम ठळक होता, पूर्वेत बराच कमी. वर्षाअखेरीस दोन्हीकडे जवळजवळ सारखा झाला. एका शालेय वर्षात! मुलं तीच, घरं तीच, फक्त वर्गात बाजूला कोण बसतं ते बदललं.

सरांची मुलं पहिल्या-दुसऱ्या सुट्टीलाच असं बोलायला लागतात, त्याचं मला त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

कातळसडा
मी नवोदयचा. सहावी ते बारावी. सगळ्यात आधी सांगतो की नवोदय नसतं तर मी आज जिथे आहे तिथे नसतो. आमच्या गावात सातवीच्या पुढे शिकायला एसटीने जावं लागायचं आणि पावसाळ्यात ती यायचीच असं नाही. तिथे मला ग्रंथालय मिळालं, प्रयोगशाळा मिळाली, रात्रीचा अभ्यासाचा तास मिळाला. अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही हाऊसची नावं ज्याला माहीत आहेत त्याला मी काय म्हणतो ते कळेल. ती माणसं माझी आजही घरची आहेत.

पण सरांनी लिहिलेलं वाचलं आणि म्हटलं आता हे लिहायलाच हवं.

सहावी-सातवीत मी वर्गात मधल्या नंबरात होतो. आमच्या बॅचला तीन-चार पोरं अशी होती की सर फळ्यावर गणित लिहीपर्यंत यांचं उत्तर तयार. मी हळू. उत्तर बरोबर यायचं, पण तोवर दुसऱ्या कुणीतरी सांगून टाकलेलं असायचं. हळूहळू मी हात वर करायचाच सोडला. मला वाटायचं की गणित येणं म्हणजे पटकन येणं.

नववीत मायग्रेशन असतं. वर्गातली साधारण ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रांतातल्या नवोदयला पाठवतात, तिथली इकडे येतात. मी हिंदी पट्ट्यात गेलो. आणि तिथे माझा नंबर गणितात वर आला. एकदम वर. तिथली मुलं हिंदीत, सामाजिक शास्त्रात मला कुठल्या कुठे मागे टाकायची, पण गणितात माझ्या वहीला मागणी होती. रात्री मुलं माझ्या पलंगावर येऊन बसायची प्रमेय समजून घ्यायला. पुस्तक तेच एनसीईआरटीचं, बोर्ड तेच सीबीएसई, मेस तशीच, डोकं माझंच. एवढाच फरक की ती तीन-चार पोरं तिथे नव्हती.

परत आल्यावर दहावीत मी पुन्हा त्यांच्या बाजूला बसलो, पण तेव्हा मला एक गोष्ट स्वतःच्या अनुभवाने माहीत झाली होती. मी अकरावीला गणित घेतलं. आमच्यापैकी जी मुलं मायग्रेशनला गेली नाहीत आणि मधल्या नंबरात होती, त्यातल्या दोघांनी गणित सोडलं. दोघंही माझ्याइतकीच चांगली होती, हे मी शपथेवर सांगतो.

रापणकर
@कातळसडा ह्या मी आज रात्री फोनवर माझ्या झिलाक वाचून दाखवतलंय. धन्यवाद.

सुरंगी
धागा उत्तम चाललाय. आमची गोष्ट नवोदयची नाही, पण जवळची आहे. मुलगी तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलमध्ये आठवीत आहे. शाळेचं नाव घेत नाही. तिथे पाचवीतल्या गुणांवरून तुकड्या पाडतात. 'अ' तुकडी सेमी इंग्रजी, सगळी वरच्या गुणांची मुलं. 'ब' आणि 'क' बाकीची. मुलगी 'अ'मध्ये आहे. प्रत्येक चाचणीनंतर वर्गात नंबर वाचून दाखवतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटच्या मुलाचं नाव वाचेपर्यंत वर्गाने शांत बसायचं.

तिची मराठी आणि इंग्रजी फार छान आहे. निबंध लिहायला बसली की मला हाक मारायला लागते जेवायला. गणितात ७० च्या आसपास असते. 'क' तुकडीतली तिची मैत्रीण, आमच्याच आळीतली, गणितात ५५ मिळवते आणि खुशाल सांगते, "मला गणित आवडतं, मी सीए होणार." आमची बाई ७० मिळवून म्हणते, "मी भाषेतली आहे, गणितातली नाही." दोघी संध्याकाळी एकत्र अभ्यासाला बसतात, आणि तिथे आमचीच त्या मैत्रिणीला गणित समजावते! मला हे कोडं सुटत नव्हतं. निम्मं उत्तर या धाग्यात मिळालं. पण भाषा चांगली आहे म्हणून गणित वाईट, हे तिने कुठून काढलं?

शून्य_अंश
सुरंगीताई, तुमच्या दुसऱ्या निम्म्या प्रश्नाचंही उत्तर मार्श यांच्याच १९८६ च्या मांडणीत आहे. मूल दोन प्रकारे ताडून बघतं. एक, बाहेर: मी गणितात शेजारच्यापेक्षा कसा? दोन, स्वतःच्या आत: माझं गणित माझ्याच भाषेच्या मानाने कसं? गुण पाहिले तर गणितात चांगली मुलं बहुधा भाषेतही चांगली असतात, दोन्ही गुण बरेच जोडीने चालतात. पण 'मी गणितात चांगला' आणि 'मी भाषेत चांगला' या दोन समजांचा एकमेकांशी जवळजवळ संबंधच आढळत नाही. याचं कारण ही आतली तुलना. भाषा जितकी वर, तितकं स्वतःचं गणित डोळ्याला खाली दिसतं.

तुमच्या मुलीवर दोन्हीकडून ओझं आलंय. बाहेरून 'अ' तुकडी, आतून तिची स्वतःची मराठी.

पडाव
निवृत्त मुख्याध्यापक आहे, माध्यमिक शाळा, रत्नागिरी जिल्हा. मुख्य म्हणजे तुकड्यांबद्दल लिहायचं आहे, कारण निवड फक्त नवोदयच्या दारात होत नाही. आपल्या गावच्या हायस्कुलातही ती होते, आणि तिथे तिला कोणी निवड म्हणत नाही.

आपलं कोकण बोर्ड बघा. २०१२ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं मंडळ वेगळं झालं आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात आपण राज्यात पहिले. मार्च २०२४ चा निकाल ९९.०१ टक्के. अभिमान वाटतोच. पण मुलाच्या बाजूने विचार करा. शंभरातली नव्व्याण्णव पास होत असतील तर पास होण्यातून त्याला स्वतःबद्दल काय कळलं? काहीच नाही. मग ते दुसरी मोजपट्टी शोधतं, आणि हाताशी असते ती एकच, वर्गातला नंबर. जिथे सगळे पुढे असतात तिथे नंबराला जास्त किंमत येते, कमी नाही.

माझ्या शाळेत तुकड्या गुणांवर पाडायच्या की नाहीत यावर शिक्षक सभेत दरवर्षी वाद व्हायचा. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. साठ मुलांच्या वर्गात एकाला वर्गमूळ शिकवायचं नि दुसऱ्याला अजून गुणाकार पक्का करायचा, हे शिक्षकाला खरोखर जड जातं. पण 'अ' तुकडीतली शेवटची पंधरा मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली. ती 'ब'मध्ये असती तर वर्गाचं नेतृत्व करती. 'अ'मध्ये ती मागच्या बाकावर जाऊन बसायची आणि प्रश्न विचारायची बंद व्हायची. आणि 'क' मध्ये वेगळीच गोष्ट. तिथल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास त्यांच्या वर्गात टिकायचा, पण शिकवणंच पातळ व्हायचं, कारण चांगला गणिताचा शिक्षक 'अ'ला दिलेला असायचा. तेव्हा सुरंगीताई, त्या मैत्रिणीचा आत्मविश्वास चांगली गोष्ट आहे, पण तिलाही शिक्षक चांगला मिळतोय का तेवढं पाहा.

शेवटी आम्ही तुकड्या मिश्र केल्या. नंबर वाचणं बंद केलं, उत्तरपत्रिका हातात द्यायची, तीही उपडी. पालकांचा विरोध झाला, विशेषतः ज्यांची मुलं पहिल्या पाचात होती त्यांचा. काही मुलं दुसऱ्या शाळेत गेलीही. आम्ही बधलो नाही.

सुरंगी
उत्तरपत्रिका उपडी. इतकी साधी गोष्ट! पालक सभेत मांडते.

तिसरी_घंटा
सगळं वाचलं. कातळसडाचा मायग्रेशनचा अनुभव वाचून माझं मत बरंच हललं, हे सांगतो. पण मग सरळ विचारतो. पाठवायचंच नाही का? गावातच ठेवायचं का, मोठा मासा म्हणून?

कातळसडा
नाही. पाठवायचं. मी परत सहावीत गेलो तरी तीच परीक्षा देईन.

शून्य_अंश
मीही म्हणेन पाठवा, पण 'चांगली शाळा म्हणजे आपोआप जास्त गुण' हे गृहीत धरून पाठवू नका. बोस्टन आणि न्यूयॉर्कमधल्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या शाळांवर २०१४ मध्ये एक अभ्यास आला. त्यातल्या एका अभ्यासकाला, जोशुआ अँग्रिस्ट यांना, पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी कट-ऑफच्या जरा वरची आणि जरा खालची मुलं ताडून पाहिली. म्हणजे एक-दोन गुणांनी आत गेलेली आणि एक-दोन गुणांनी बाहेर राहिलेली. पुढच्या चाचण्यांच्या गुणांत फारसा फरक निघाला नाही.

मात्र हे न्यूयॉर्कचं झालं. तिथे बाहेर राहिलेल्या मुलालाही बऱ्यापैकी हायस्कूल मिळतं. कातळसडाच्या गावात पावसाळ्यात एसटी नाही. तिथे नवोदयचा फायदा हुशार सोबत्यांपेक्षा छप्पर, जेवण, पुस्तकं आणि रोज वर्गावर येणारा शिक्षक यांचा आहे. तो खरा आहे आणि मोठा आहे.

शाळेच्या नावाचा अभिमानही कामाला येतो. हाँगकाँगमधल्या अभ्यासात दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या. 'मी या नावाजलेल्या शाळेचा' म्हणून अंदाज वर जातो, आणि 'इथे माझ्यापेक्षा सगळे हुशार' म्हणून खाली येतो. दुसरा ओढा जास्त जोरात निघाला, पण पहिला होता.

शिक्षकांनी काय करावं यावरही एक सांगतो, कारण इथे सोपं उत्तर देणं बरोबर होणार नाही. जर्मनीतल्या गणिताच्या वर्गांत असं दिसलं की जे शिक्षक मुलाची तुलना त्याच्याच मागच्या कामगिरीशी करतात, त्यांच्या वर्गातली मुलं स्वतःला जास्त सक्षम समजतात. पण हुशार वर्गात बसल्याने होणारी घसरण त्यामुळे पुसली गेली नाही. ती आपल्या जागी राहिली. म्हणजे शिक्षकाने सगळ्यांना थोडं वर उचललं, तुलना मात्र मुलं करतच राहिली. तेव्हा नुसतं 'तू छान आहेस' म्हणून भागत नाही.

पडाव
हे माझ्या अनुभवाशी जुळतं. मुलाला कौतुक खोटं वाटतं, वही खोटी वाटत नाही. मी मुलांना जूनची वही फेब्रुवारीत काढायला सांगायचो. जूनमध्ये जे गणित अर्धं सोडलं होतं तेच परत सोडवायला लावायचं. पाच मिनिटांत सुटायचं. त्यावर मी एक शब्द बोलत नसे.

खाडीपलीकडे
सगळ्यांचे मनापासून आभार. मला जे हवं होतं त्याहून जास्त मिळालं.

यावर्षी निकालानंतर मी तीन गोष्टी करणार आहे. पहिली, निवड झालेल्या मुलाला आणि त्याच्या आईबापाला एकत्र बसवून आधीच सांगणार की सहावीत तुझा नंबर खाली जाईल, बहुतेक सगळ्यांचा जातो, आणि त्याचा अर्थ तुझं डोकं कमी झालं असा नाही. ऐंशी मुलं आहेत आणि पहिला नंबर एकच आहे, हा हिशेब पाचवीच्या मुलाला कळतो. दुसरी, त्याच्या पाचवीच्या वह्या मी जपून ठेवणार. दिवाळीत आला की पडाव सरांनी सांगितलं तसं सहावीच्या पुस्तकातलं गणित शेजारी ठेवून दाखवणार.

तिसरी गोष्ट ज्यांची निवड होत नाही त्यांच्यासाठी. कारण त्यांच्याबद्दल आपण इथे बोललोच नाही, आणि माझ्याकडे दरवर्षी तीच जास्त असतात. दहा वर्षांच्या मुलाला जिल्ह्याच्या यादीत नाव नाही एवढंच कळतं. दोन गुणांनी राहिलं की वीस, ते त्याला कुणी सांगत नाही. त्यांनाही मी त्यांच्याच वह्या दाखवणार.

शून्य_अंश
सर, तिसऱ्या गोष्टीबद्दल तुम्हाला बळ येईल असं एक सांगतो. इंग्लंडमध्ये मर्फी आणि वाइनहार्ट यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. प्राथमिक शाळा संपताना सारखेच गुण असलेली मुलं घेतली. त्यातली जी आपल्या प्राथमिक वर्गात वरच्या क्रमांकावर होती, ती पुढे माध्यमिकमध्ये, नवीन शाळेत, नवीन मुलांमध्येही जास्त चांगली चालली. त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त होता. तुमच्या वीस पटाच्या शाळेत जे मूल पहिलं येतं, त्याला ते पहिलेपण पुढे पुरतं.

रापणकर
काल झिलाक सगळा वाचून दाखवलंय. कातळसडाचा ऐकून तेना विचारल्यान, "बाबा, तो दादा खयच्या हाऊसचो?" आता तेचो खरो प्रश्न असो आसा की दहावीक गणिताचा सोपा पेपर घेवचो की कठीण? तेचे मित्र सोपा घेतत म्हणान हो पण घेतलंय म्हणता. कोणाक म्हायती आसा काय?

कातळसडा
दादा, मी निलगिरी. सांगा त्याला.

सीबीएसईने २०२० च्या दहावीपासून गणिताच्या दोन पातळ्या केल्यात, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम एकच, वर्गात शिकवणंही एकच, फक्त बोर्डाचा पेपर वेगळा. बेसिकचा सोपा. ही सोय ज्याला पुढे गणित घ्यायचंच नाही त्याच्यासाठी आहे. अकरावीला नेहमीचं गणित घ्यायचं तर स्टँडर्ड दिलेलं बरं. नियमात अधूनमधून सवलत येते, तेव्हा त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत विचारून घ्या.

पण हा निर्णय तो आत्ता, आठवीत, वर्गातल्या नंबरावरून घेतोय, हे मला पटत नाही. नववी अजून जायची आहे. मायग्रेशनला नाव आलं तर जाऊ द्या. नाही आलं तर नववीच्या अखेरीस मागच्या वर्षांचे स्टँडर्डचे दोन पेपर त्याला घरी, एकट्याला, घड्याळ लावून सोडवायला द्या आणि तपासायला मला पाठवा. व्यनि (खासगी निरोप) करतो, नंबर घ्या.

रापणकर
व्यनि मिळालो. दिवाळीक येतलो तेव्हा फोन लावतंय.

सुरंगी
कातळसडा, राज्य बोर्डात असं काही नाही ना? म्हणजे आमच्या मुलीला तोच पेपर सगळ्यांसारखा?

पडाव
दहावीला हो, गणित भाग एक आणि भाग दोन, सगळ्यांना एकच. तिचा निर्णय अकरावीला येईल. तेव्हा वाणिज्य घेतलं तरी गणित घ्यायचं की नाही असा पर्याय असतो, आणि बरीच मुलं तिथेच सोडतात. तिच्या मैत्रिणीला सीए व्हायचंय म्हणालात ना? दोघींना एकत्रच बसवून विचारा.